न उगवलेल्या लाल ठिपक्यांचं प्रकरण

"माझ्या नजरेतून जंतूसुद्धा निसटत नाही," असं ऑर्विल टॅगर्ट स्वतःबद्दल भेटेल त्याला सांगे. बॉस्टनच्या विद्यापीठात सिंथेटिक बायॉलॉजीच्या पहिल्यावहिल्या वर्गात त्याने नाव घातलं, तेही त्याच्या म्हणण्यानुसार गुन्हेगारीची पाळंमुळं पेशीपासून खणून काढायला. त्याची स्वतःची सायकल मागच्या हिवाळ्यात हरवली होती. तो तपास अजून चालू होता.

त्याच्या जोडीला दिलेल्या थिया लिंडक्विस्टला गुन्हेगारीशी काही देणंघेणं नव्हतं. तिला वर्ग घेणाऱ्या हॅस्केल मॅडमच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्याचं काम हवं होतं. जंतूंमध्ये समुद्रातल्या पोवळ्याचं लाल रंगाचं जनुक घालायचं, ते बशीत पसरून उबेच्या कपाटात ठेवायचे, की दुसऱ्या दिवशी लाल ठिपके उगवतात. शुक्रवारी ठिपके दाखवले तर काम मिळणार; नाहीतर सगळा उन्हाळा काकांच्या बोटीवर शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, पकडण्यात जाणार होता, आणि थियाला बोट लागते.

बुधवारी बशा आत गेल्या आणि ऑर्विल पहाऱ्याला बसला. गुन्हा घडल्यावर कोणीही येतं, खरा डिटेक्टिव्ह आधीच हजर असतो, असं त्याचं मत. प्रयोगशाळेत खाण्यापिण्याला बंदी, म्हणून कॉफी दाराबाहेर ठेवून तो दर घोटाला बाहेर जाई. बाहेर हिमवर्षाव चालू असूनही कॉफी बर्फाचीच.

गुरुवारी दुपारी त्यांची बशी कोरीच होती. त्या कपाटातल्या सगळ्यांच्याच बशा कोऱ्या. पलीकडच्या कपाटात मात्र वर्गातल्या डार्नेलची बशी गोवर आल्यासारखी लाल.

"डार्नेलने आपले जंतू पळवले," ऑर्विल म्हणाला.

"कशाने?"

"चिमट्याने. एकेक करून."

"ऑर्विल, ते कोट्यवधी असतात."

"मग टोळी आहे."

थोड्या वेळाने जंतूच फितूर ठरले. मग संशय खुद्द हॅस्केल मॅडमवर गेला, कारण त्या फार शांत होत्या. थियाला रडू येत होतं. तिला आत्ताच बोट हलल्यासारखी वाटू लागली.

"बघ, चोर अजून परत आलेला नाही," म्हणत ऑर्विलने कपाट उघडलं. थिया वाकून पाहू लागली आणि तशीच थांबली. एरवी हे दार उघडलं की आतल्या वाफेने तिचा चष्मा धुरकट होई. आज काचा लख्ख होत्या.

"हे दार तू किती वेळा उघडतोस?"

"दर पाच मिनिटांनी. चोराला उसंतच द्यायची नाही."

थियाने आत हात घातला. कपाट गारठलं होतं. त्या थंडीत ठिपके उगवणार कुठून? ती ओरडली नाही. डार्नेल कॉफीच्या दुकानाकडे निघालाय आणि त्याची चाल संशयास्पद आहे, एवढंच तिने सांगितलं. ऑर्विल कॉलर वर करून जो गेला, तो त्या दिवशी परतलाच नाही. तिने दार घट्ट लावलं.

शुक्रवारी बशी लालेलाल झाली होती.

"माझ्या पाठलागाने घाबरून त्याने सगळे परत आणून ठेवले," ऑर्विल वर्गाला समजावत होता. डार्नेल तोंड उघडं टाकून ऐकत राहिला.

हॅस्केल मॅडमनी थियाला काम दिलं आणि आणखी काही हवंय का, असं विचारलं.

"कपाटाला कुलूप," थिया म्हणाली. "किल्ली फक्त माझ्याकडे."

ऑर्विलने अभिमानाने तिच्या खांद्यावर थोपटलं. "शिकलीस," तो म्हणाला. "आता कुलपावर पहारा मी देतो."