दळवीकाकांचा अभ्यास

आम्ही गाझियाबादला राहायला आलो, त्या पहिल्याच जानेवारीतली गोष्ट. सकाळी साडेसातला बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधले दळवीकाका उभे. स्वेटर, त्यावर जाकीट, डोक्याला माकडटोपी आणि हातात झाकलेली वाटी. चेहरा पार पडलेला.

"मास्तर गेले आज," ते म्हणाले.

मी घाईने दार पूर्ण उघडलं. सोसायटी नवी, कोण मास्तर, कितव्या मजल्यावरचे, काही ठाऊक नाही. "अरेरे! अचानकच का हो? किती वाजता नेणार आहेत?"

"नेलं ना. त्रेचाळीस साली." त्यांनी वाटी पुढे केली. "घ्या. शेंगदाण्याची वडी आहे. मास्तरांचा जन्म भुईमुगात गेला, म्हणून दरवर्षी हीच करतो."

मी वाटी घेतली आणि दार लावून घेतलं. माणूस वेडा आहे की मी अजून झोपेत आहे, ते ठरवायला मला थोडा वेळ लागला. उलगडा दुपारी त्यांच्या पत्नीने, विमलकाकूंनी केला. मास्तर म्हणजे अमेरिकेतले एक काळे शास्त्रज्ञ. गुलाम आईच्या पोटी जन्मले, शिकून प्रोफेसर झाले आणि भुईमुगापासून काय काय बनवता येतं ते गरीब शेतकऱ्यांना शिकवत राहिले. "आमच्याकडे त्यांची पुण्यतिथी असते," काकू म्हणाल्या, जसं एखादीने आमच्याकडे एकादशी असते म्हणून सांगावं. "अजून बरेच जण आहेत. कळेल हळूहळू."

कळलं. दळवीकाका केंद्र सरकारच्या पाणी खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले होते आणि आता जगभरातल्या काळ्या थोर माणसांचा संसार सांभाळत होते. हॉलमधल्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणांच्या शेजारी लाल शाईत यांच्या जयंत्या आणि पुण्यतिथ्या. पण नाव मात्र एकाचंही नाही! मी कारण विचारलं, तर म्हणाले, "आपल्यात मोठ्यांची नावं घेतात का?"

तेव्हा त्यांच्या घरात एक होत्या बसवाल्या ताई. गोऱ्या माणसासाठी बसमधली जागा सोड म्हटल्यावर उठल्या नाहीत, त्या. सत्तावीस वर्षं तुरुंगवाले आजोबा होते. वाटाड्या मावशी होत्या, त्या स्वतः गुलामीतून पळाल्या आणि पुन्हा पुन्हा मागे जाऊन इतरांना सोडवून घेऊन आल्या. हिटलरच्या डोळ्यांदेखत चार सुवर्णपदकं घेणारे धावणारे भाऊ होते. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर वजीरसाहेब. वजीरसाहेब म्हणजे आपला मलिक अंबर.

काका मूळचे औरंगाबादचे, त्यामुळे वजीरसाहेबांचा विषय निघाला की चहाचं आधण दोनदा आटायचं. "अगं मीनल, हबसाणातलं, म्हणजे आजच्या इथिओपियातलं पोर ते. बाजारात विकलं गेलं. एकदा नाही, कितीदा तरी! बगदाद बघितलं, समुद्र बघितला आणि आपल्याकडे येऊन निजामशाहीचा वजीर झालं. शहर वसवलं. जमिनीखालून नहर काढली. लहानपणी मी त्या नहरीचं पाणी प्यायलोय, बिल्कुल गोड! दिल्लीच्या बादशहाला काही केल्या हा माणूस सापडेना, तेव्हा त्याने वजीरसाहेबांच्या मुंडक्याला बाण मारतानाचं स्वतःचं चित्र काढून घेतलं. चित्र! हे तुमचे दिल्लीवाले." जन्माची पेन्शन दिल्लीची खाऊन दिल्लीवाल्यांना नावं ठेवायचा हक्क काकांनी राखून ठेवला होता.

पाहुणे आले की दिल्लीतला मराठी माणूस त्यांना पानिपतला घेऊन जातो, हा इथला रिवाजच आहे. काकांचा त्यावर राग. "हरलो तिथे बस भरभरून जायचं आणि रडून यायचं. ज्याने दिल्लीला वर्षानुवर्षं झुलवलं त्याच्या कबरीवर कुणी गेलंय?" आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या भाचीने, जी यूपीएससीची तयारी करत होती, एकदा फार निरागसपणे विचारलं, "काका, पण हे सिलॅबसमध्ये किती मार्कांना आहे?" काकांनी तिच्या पुढ्यातली चकलीची बशी उचलून काकूंकडे परत दिली.

बसवाल्या ताईंचा दिवस डिसेंबरात असतो. त्या दिवशी काका मेट्रो सोडून मुद्दाम बसने दिल्लीला जातात. एका वर्षी ते खिडकीजवळच्या सीटवर ऐसपैस बसले. कॉलेजची एक मुलगी येऊन म्हणाली, "अंकल, लेडीज़ सीट है।"

"बेटी," काका म्हणाले, "आज के दिन एक महिला ने सीट छोड़ने से इनकार किया था। इसलिए आज मैं नहीं उठूँगा।"

मुलीने त्यांच्या डोक्यावरची पाटी दाखवली. "वो महिला थी ना, अंकल। आप तो उसकी सीट पे बैठे हो।"

सगळी बस हसली. काका उठले आणि शेवटपर्यंत उभे राहिले. घरी येऊन ही हकिगत आम्हाला त्यांनीच सांगितली, आणि वर म्हणाले, "मुलीचा मुद्दा बिनतोड होता. ताईंना आवडला असता."

असा हा गमतीचा माणूस. पण एका बाबतीत त्या घरात कुणी गंमत करत नसे. काकांची एकुलती एक मुलगी मेधा अमेरिकेत होती, अटलांटाला. तिने मार्कस नावाच्या तिथल्या एका काळ्या मुलाशी लग्न केलं, त्याला नऊ वर्षं झाली. त्यांना रेवा नावाची आठ वर्षांची मुलगी होती. काकू दोनदा जाऊन आल्या होत्या. काका एकदाही नाही. मेधाही इकडे फिरकली नव्हती. काही तरी झालं होतं एवढं सगळ्या मजल्याला माहीत होतं, पण काय ते कुणी विचारलं नाही. मी चौकशा करण्यात कमी नाही, पण तिथे माझीही जीभ उचलली नाही.

दर रविवारी सकाळी मेधाचा व्हिडिओ कॉल यायचा, तो काकूंच्या फोनवर. काकू फोन घेऊन स्वयंपाकघरात जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. काका बाहेर त्या दाराला लागूनच्या खुर्चीवर मटार सोलत बसायचे. मटाराचा मोसम नसला तर लसूण. एकदा मी साखर मागायला गेले, तर काकांनी दाणे कचऱ्याच्या कागदावर टाकले होते आणि सालं पातेल्यात. आतून रेवाचं हसू ऐकू येत होतं. मी साखर न मागताच परत आले.

त्यांच्या रागाचा प्रसाद मला एकदाच मिळाला. माझा नवरा सुहास राजस्थानात पंधरा दिवस ड्युटी करून आला होता, उन्हाने रापून कोळसा होऊन. लिफ्टपाशी मी सहज म्हणाले, "अरे देवा, अगदी हबशी होऊन आलास की!"

काका मागेच उभे होते. "मीनल," ते म्हणाले, आणि तो आवाज त्यांचा वाटेना. "हबशी म्हणजे हबसाणचा माणूस. जसा पुण्याचा पुणेकर. शब्दात काही घाण नाही. घाण बोलणाऱ्याच्या तोंडात असते." लिफ्ट आली, तरी ते आत आले नाहीत. जिन्याने चढून गेले, पाच मजले.

मला राग आला. एवढं काय ते, म्हाताऱ्याने चारचौघांत असं फटकारावं! आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. खरं सांगायचं तर मला लाज वाटली होती, आणि लाज वाटली की मला राग येतो.

यंदाच्या फेब्रुवारीत काकूंना ताप आला. तीन दिवस उतरेना. रविवारी सकाळी मी मुगाची खिचडी घेऊन गेले. काकू गोळी घेऊन नुकत्याच झोपल्या होत्या. काका स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी पाणी उकळत होते, आणि तेवढ्यात ओट्यावरचा काकूंचा फोन वाजायला लागला. स्क्रीनवर मेधाचा फोटो.

काकांनी फोन माझ्याकडे सरकवला. "तू उचल ना, मीनल."

"मी? मी काय सांगू?"

"सांग, आई झोपलीय म्हणून. मी म्हणजे... तू सांग."

"काका, तुमची मुलगी आहे," मी म्हटलं. "उचला."

त्यांनी हात पंच्याला पुसले, दोनदा पुसले, आणि उचलला. स्क्रीनवर कुरळ्या केसांची, पुढचा दात पडलेली एक मुलगी आली. तिने डोळे मोठे केले.

"आजी नाही?... ओह. आजोबा."

जो माणूस वजीरसाहेबांवर दोन तास बोलू शकतो, त्याला नातीशी एक शब्द सुचेना. मग रेवाच बोलायला लागली. मराठी स्वच्छ होतं तिचं, जरा गोल गोल. तिच्या शाळेत या महिन्यात प्रत्येकाने एका काळ्या थोर माणसाबद्दल सांगायचं होतं. "बसवाली लेडी चौघींनी घेतली. पीनट सर दोघांनी घेतले. मला असं कुणी तरी पाहिजे, जे कुणाकडेच नाही. आजी म्हणते, तुम्हाला सगळे माहितीयेत."

काका ओट्याजवळच्या स्टुलावर बसले. पाणी उकळून आटत होतं, मी गॅस बंद केला.

"आहे," ते म्हणाले. "एक आहे माझ्याकडे."

आणि त्यांनी सांगितलं. आम्हाला सांगायचे तसं नाही. अगदी हळू, लिहून घेता येईल असं. बाजारात विकलेलं पोर, बगदाद, समुद्र, जमिनीखालून वाहणारं पाणी. रेवा पेन्सिलीने लिहीत होती. मध्येच थांबवून विचारत होती, "नहर म्हणजे पाइप?" काका म्हणत होते, "बिल्कुल! पण माणसं आत चालत जातील एवढा मोठा!" आजवर मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

"त्यांना लोक काय म्हणायचे? म्हणजे तिकडे, इंडियात?"

"हबशी," काका म्हणाले. ओघात म्हणून गेले.

पेन्सिल थांबली. "आजोबा, तो बॅड वर्ड आहे. आई म्हणते, आपल्या घरात तो बोलायचा नाही."

मी काकांकडे पाहिलं आणि मला सगळं कळलं. लिफ्टपाशी ते मला रागावलेच नव्हते, स्वतःला रागावले होते. जिन्याने पाच मजले ते आपल्याच तोंडून कधी तरी गेलेल्या त्या शब्दाबरोबर चढले होते.

"वाईट शब्द नाही तो, रेवा," ते म्हणाले. "एका देशाच्या माणसांचं नाव आहे. पण मी तो वाईट करून बोललो होतो. तुझ्या बाबांना. तुझ्या आईने फोन केला, लग्न करते म्हणाली, तेव्हा मी तिला तो शब्द म्हणालो. शिवी म्हणून. मला त्याचा अर्थसुद्धा माहीत नव्हता गं. नंतर शोधला. मग वाचतच गेलो."

"मग तुम्ही सॉरी म्हणालात?"

"नाही."

"का?"

काकांनी चष्मा काढला. "मला वाटलं, आधी नीट अभ्यास करावा."

मला हसू आलं, आणि लगेच रडू आलं. हातात खिचडीचं पातेलं तसंच होतं. नऊ वर्षं या माणसाने कॅलेंडरवर लाल खुणा केल्या होत्या, वड्या थापल्या होत्या, बसमध्ये उभा राहून गेला होता, आणि हे सगळं एका वाक्याची तयारी म्हणून.

"झाला अभ्यास?" रेवाने विचारलं. चिडवत नव्हती. खरंच विचारत होती.

"तुझी आई आहे का गं तिथे?"

"हो. इथेच बसलीय. दिसत नाहीये तुम्हाला."

काका उठून उभे राहिले. फोन दोन्ही हातांत धरला. "मेधा," ते म्हणाले, "मी फार वाईट बोललो. तुला आणि मार्कसला. माझं चुकलं. त्याला हे मी स्वतः सांगेन, तो ऐकणार असेल तर. माझं इंग्रजी ऑफिसचं आहे, पण सांगेन."

स्क्रीनवर नुसती रेवा होती. ती मान वळवून बाजूला, आपल्या आईकडे बघत होती.

मग मेधाचा आवाज आला. नाकात भरलेला, पण सरळ.

"आई कुठंय?"

"ताप आहे तिला. आत्ताच डोळा लागलाय," काका घाईघाईने म्हणाले. "उठवू का? उठवतो हं, थांब."

"नको, नका उठवू," मेधा म्हणाली. "तुम्हीच बोला, बाबा."