देल्फिनाचा शंभर टक्के सराव

“या वादळाच्या सरावात आपलं गाव पहिलं आलं नाही, तर सचिवपद सोडून मासे विकेन!” असं म्हणून देल्फिनाने चार फायली कपितानच्या टेबलावर धाडकन आपटल्या.

राष्ट्रीय आपत्ती धोरणाचे भाग चार: संकट टाळणं, तयारी, सुटका आणि सावरणं. म्हणून चार रंगांच्या चार फायली, मिळून दोनशे बारा पानं! गावाचे कपितान, म्हणजे सरपंच, एलियुतेरियो यांनी त्यातलं एकही पान वाचलेलं नव्हतं, पण सही मात्र लग्नपत्रिकेवर शोभेल अशी ठोकली होती.

देल्फिनाला हवी होती होडी. गेल्या वादळात नदी घरात शिरली, तेव्हा तिच्या आईला, म्हणजे साऱ्या गावाच्या आजीला, लोला बेरिंगला, मोडक्या फ्रिजमध्ये बसवून ढकलत न्यावं लागलं होतं. दोन्ही गुडघे गेलेली म्हातारी फ्रिजमधून गावाला हात हलवत गेली. गाव हसलं. देल्फिना मात्र अजून झोपेत दचकते. प्रांताकडे सुटकेची एकच होडी शिल्लक होती, आणि सराव बघून ती कुणाला द्यायची ते ठरणार होतं.

“पण मानांग, लोक येतील का?” कपितानने विचारलं. देल्फिनाला सारं गाव मानांग, म्हणजे ताई, म्हणे. “गेल्या वेळी घंटा वाजली तेव्हा तीन माणसं आली. त्यातला एक मी!”

“येतील! अरोज काल्दो ठेवलंय. तांदळाची पेज, कोंबडी घालून. वर अंडं!”

इथेच घात झाला.

सराव नऊ वाजता होता. नऊला चर्चची घंटा वाजली की लोकांनी घर सोडून बास्केटबॉलच्या मैदानावर यायचं. सात वाजताच मैदान ठासून भरलं! सहाशे बारा माणसं पातेल्याकडे तोंड करून उभी. लोला बेरिंग स्ट्रेचरवर बसून दुसरा वाडगा संपवत होती.

“अरे, घरी जा! अजून संकट आलेलं नाही!” देल्फिना कर्ण्यावरून ओरडली.

“आणि रांगेतला नंबर?” मागून आवाज आला.

“नऊ वाजता परत या!”

“नऊला अंडी उरणारेत का, मानांग?”

एकही पाय हलला नाही. नऊला घंटा वाजली. प्रांताकडून तपासणीला आलेल्या इंजिनिअर मागबानुआबाई नदीकाठच्या घराघरांत डोकावल्या. एका घराखाली बांधलेला झुंजीचा कोंबडा सोडला, तर अख्ख्या वस्तीत चिटपाखरू नाही! बाई मैदानावर आल्या, तर गाव हजर, तेही सातपासून. त्यांनी एकाची आणीबाणीची पिशवी उघडायला लावली. आत झाकणाचा डबा आणि पळी.

“टॉर्च? कागदपत्रं?”

“इंजिनिअर, संकटात आधी पोट बघावं लागतं!”

बाईंनी मान डोलावून काहीतरी लिहिलं. देल्फिनाने देवाचे आभार मानले. जरा लवकरच मानले.

आठवड्याने पत्र आलं. “आपल्या गावाने इशाऱ्याच्या दोन तास आधी शंभर टक्के स्थलांतर केले. हार्दिक अभिनंदन! नियमाप्रमाणे होडी संथ गावाला आधी देण्यात येते. सबब, आपणास तिची गरज दिसत नाही.”

कपितानने सोबतचं प्रशस्तिपत्र भिंतीवर ठोकलं. देल्फिनाने तडक प्रांताचं कार्यालय गाठलं.

“इंजिनिअर, खरं सांगते. आमची माणसं वादळाला भीत नाहीत हो. पाणी कमरेला लागेपर्यंत डुकरं सांभाळत बसतात. त्या दिवशी ती पेजेला आली होती!”

बाईंनी चष्मा काढला. “असं? मग पेजेशिवाय पुन्हा सराव घ्या. मी स्वतः येते. लोक खरंच बाहेर पडत नसतील, तर होडी तुमची.”

देल्फिना तरंगत घरी आली. या गावाला न येण्याचं काम द्यायचं म्हणजे बदकाला पाण्यात सोडण्यासारखं! तिने दवंडी पिटवली. शनिवारी सराव, खायला काही नाही, प्यायलाही काही नाही. लोकांना होडीची अट सांगून ‘घरीच बसा’ म्हणायचा मोह तिने जीभ चावून आवरला. चार फायली लिहिणाऱ्या बाईला ते शोभलं नसतं.

शनिवारी नऊला घंटा वाजली. मैदान रिकामं. इंजिनिअरबाई घड्याळ बघत उभ्या. एक मिनिट. दोन मिनिटं. बाईंनी पेन उघडलं. देल्फिनाचं हसू आवरता आवरेना!

तिसऱ्या मिनिटाला वळणावर धूळ उडाली.

सगळे आले! पिशव्यांत टॉर्च, पाणी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रं. आले ते ओळीत, वर घराप्रमाणे हजेरी देत! सर्वांत पुढे स्ट्रेचर आणि स्ट्रेचरवर लोला बेरिंग.

“हे काय? तुम्ही का आलात?” देल्फिना जवळजवळ रडत होती.

“का म्हणजे?” कपितान धापा टाकत म्हणाले. “पेज नसली की कुणी येत नाही, मग बिचाऱ्या मानांगची त्या बाईंसमोर शोभा होईल, असं तुझी आई घरोघर सांगत फिरली. म्हणजे, आम्ही तिला फिरवली!”

लोला बेरिंगने स्ट्रेचरवरून लेकीच्या गालावर हात ठेवला.

“रडू नको गं, देल्फी. बघ, एकसुद्धा माणूस मागे ठेवला नाही!”