एकसष्टचे एकोणचाळीस

फ्रीजवर चिकटवलेली सामानाची यादी बाईंनी सकाळपासून तिसऱ्यांदा तपासली. लाल पेनने. सुनेने ‘टूथपेस्ट’मधला ‘टू’ ऱ्हस्व काढला होता, तो आता दीर्घ झाला होता आणि खाली शेराही पडला होता : ‘अक्षर सुधारावे.’

“आई, ही यादी दुकानदार वाचणार आहे, परीक्षक नाही!”

“का? दुकानदाराने काय पाप केलंय?”

चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून बाई तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या; हात मात्र अजून कामावर होता. दिवसभर घरात येरझाऱ्या चालत. कपाटं लावून झाली की पुन्हा उपसायची. “मला फक्त एक वर्ग द्या,” त्या म्हणत, “चार पोरं असली तरी चालतील. नाहीतर मी वेडी होईन.” आणि तुम्हाला वेडं करीन, हे त्या म्हणत नसत, पण सुनेला ऐकू येई.

म्हणूनच परदेशातल्या एका भाषाशाळेला इंग्रजीचे शिक्षक हवेत असं कळल्यावर सुनेनेच धावपळ केली. फॉर्म छापून आणला, बाईंनी तो हाताने भरला, जाता जाता त्यातल्या दोन चुकाही दुरुस्त केल्या, आणि सुनेने फोटो काढून पाठवून दिला. चौथ्या दिवशी मुलाखतीचं बोलावणं! बाईंनी सुटकेस काढून पुसली.

सुनेने मात्र जाहिरात आता कुठे शेवटपर्यंत वाचली. तिचा चेहरा पडला. “आई, खाली बारीक अक्षरात लिहिलंय. वय चाळीसच्या आत हवं.”

“मग मला कशाला बोलावतील? मी वय स्पष्ट लिहिलंय. अनुभव बघितला असणार त्यांनी.”

मुलाखतीला पडद्यावर एक कोवळा अधिकारी आला. गळ्यात टाय, पण गाठ वाकडी. बाईंचा हात ती सरळ करायला शिवशिवला. बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं, आणि बाई अशा काही रंगल्या की वीस मिनिटांत अधिकारी वहीत टिपणं काढायला लागला.

“उत्तम!” तो म्हणाला. “आमच्याकडे तरुण चेहरे लागतात. तुमचं वय एकोणचाळीस, म्हणजे अगदी काठावर बसतंय.” मग जरा थांबून, पडद्याजवळ येत, “तुमच्याकडे ऊन फार असतं का?”

कॅमेऱ्याच्या आड उभी असलेली सून दोन्ही हातांनी खुणा करत होती : हो म्हणा, हो म्हणा! नुसती मान हलवली असती तर वर्ग मिळत होता. बाईंची मान हललीही जराशी. पण कॉपी करणाऱ्या पोरांना आपण किती वेळा बाकावर उभं केलं, ते नेमकं तेव्हाच आठवलं. मेली सवय!

“मी एकसष्ट वर्षांची आहे.”

“पण इथे तर...” त्याने फॉर्म कॅमेऱ्यासमोर धरला. वयाच्या चौकटीत ठसठशीत लिहिलं होतं : ६१.

बाईंनी कपाळाला हात लावला. जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण गुण दिले ते मराठी आकड्यांत. त्या बापड्याला ६ म्हणजे उलटा काढलेला तीन वाटला आणि १ म्हणजे चक्क इंग्रजी नऊ! समजावून सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर तो “नियम आहे, माफ करा, पत्र पाठवतो,” असं पुटपुटत गायब झाला.

“कशाला बोललात, आई?” सून रडकुंडीला आली. बाई सुटकेस उचलून माळ्यावर ठेवून आल्या. त्या दिवशी त्यांनी यादीसुद्धा तपासली नाही, तेव्हा सुनेला खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ईमेलने नकाराचं पत्र आलं, सुनेने ते छापून आणलं. बाईंनी ते डोळ्यांपासून लांब धरून वाचलं आणि ताडकन उठल्या.

“अगं, सात ओळींत नऊ चुका! पेन कुठाय माझं?”

पत्र लालेलाल झालं. खाली शंभरपैकी गुण पडले, भोवती गोल निघाला आणि सुनेने नको नको म्हणत त्याचा फोटो काढून परत पाठवला. तासाभरात फोन वाजला. अधिकारी होता, आवाज पार बसलेला.

“मॅडम, हेच पत्र मी आणखी अकरा जणांना पाठवलंय. आणि इतकं वाईट आहे ते? फक्त एकोणचाळीस? पास व्हायला निदान चाळीस तरी लागतात ना?”

सुनेने पत्राकडे पाहिलं. गोलात होतं : ६१. ती खुणा करायला लागली : सांगा त्याला, सांगा! बाईंनी हाताने तिला गप्प केलं.

“चाळीसच्या आत आहेस ना? मग काळजी कसली? तुमच्याकडे तेच चालतं.”

तो चाचरत म्हणाला, “मॅडम, रोज सकाळी एक तास... मला शिकवाल? आमच्या ऑफिसातले आणखी तिघे आहेत.”

बाई खुर्चीत ताठ बसल्या. पदर सारखा केला, पेनाचं टोपण काढलं.

“तुझं वय किती?”

“सव्वीस. का? काही अडचण आहे?”

“छे रे,” बाई म्हणाल्या, “आमच्याकडे वयाची अट नाही.”