सायीखालचं कुसळ

नानांची गंमत सांगण्याआधी एक कबुली देऊन टाकतो. नंतर धीर होणार नाही. नानांच्या हेडफोनमधला आवाज टोचतो, तो माझ्यामुळे टोचतो. अकरा वर्षं हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आता नाना. जळगावात आमची आणि त्यांची भिंत एकच. पंचाहत्तरी उलटलेला हा माणूस आवाज कानांनी नव्हे, बोटांनी ऐकतो. सगळा जन्म कापसाची प्रत ठरवण्यात गेला. जिनिंगच्या आवारात गाडी लागली की नाना मूठभर कापूस उचलायचे, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढायचे आणि डोळे मिटून निकाल द्यायचे. धागा लांब, धागा आखूड, कचरा, नाहीतर कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. त्या निकालावर व्यापारीसुद्धा उलट बोलत नसे. निवृत्तीनंतर कापूस सुटला, चिमूट सुटली नाही. डोक्यावरची टोपी काढून हेडफोन चढवला की हात आपोआप वर येतात आणि नाना नसलेला कापूस ओढत बसतात. मग डोळे उघडून म्हणतात, "कुसळ शे यामा."

कुसळ असतंच. दर वेळी असतं. आणि ते शोधायला दर वेळी मला बोलावणं येतं, कारण माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे आणि मी, नानांच्या मते, या विषयातला शेवटचा शहाणा माणूस आहे.

ऐकण्याचा वार रविवार. आदल्या दिवशी नाना शेवभाजीला हात लावत नाहीत. "तिखटनं कान सुजतस," हे त्यांचं शास्त्र. रविवारी सकाळी पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रिजची वायर काढलेली. आमच्या घरात कुकरला बंदी. एकदा बायकोने विसरून लावला, तर भिंतीपलीकडून हाक आली, "अवं माय, शिट्टी थांबाड!"

"नाना, वरण कच्चं राहिलं तर पातेलं तुमच्याकडे पाठवते!" बायकोने इकडून ठणकावलं.

"पाठव. मी कच्चं खासू. पण शिट्टी नको."

स्पीकर का लावत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. नाना लाजले. म्हणाले, "स्पीकरवर ती बठ्ठा गल्लीनी व्हई जास."

साऱ्या गल्लीची होऊन जाईल ती म्हणजे अक्का, नानांची बायको. मोबाइलमध्ये तिचा आवाज आहे, जेमतेम तीन मिनिटांचा. हळदीचं एक गाणं आणि शेवटी एक वाक्य.

त्याची हकिगत अशी. साक्रीला नातेवाइकांत लग्न होतं. हळदीच्या वेळी बायका अक्कांना गाण्याचा आग्रह करायला लागल्या, तेव्हा नाना सगळ्यांदेखत म्हणाले, "तिना आवाज फाटेल शे, दुसरीले सांगा." बायका हसल्या. तरी गाणं अक्कांनीच म्हटलं. नाना तोवर बाहेर मांडवात पुरुषांत जाऊन बसले होते. कुणीतरी ते कॅसेटवर घेतलं. कॅसेट घरी आली, पेटीत पडून राहिली. घरचा टेप बिघडलेला होता, माझ्याकडे दुरुस्तीला टाकायचं राहूनच गेलं. अक्का असेपर्यंत नानांनी ती एकदाही ऐकली नाही.

अक्का गेल्यावर पंधरा दिवसांनी नाना कॅसेट घेऊन दुकानात आले. "भाऊ, हाई मोबाइलमा टाकी दे."

तेव्हा लग्नसराई होती. आमच्याकडे लोक जुन्या कॅसेटी आणतात त्या वरातीत वाजवायला, त्यामुळे माझ्या यंत्रावर आवाजाची पातळी कायम शेवटाला चढवलेली. आवाज लहान निघाला तर गिऱ्हाईक भांडतं. नानांची कॅसेट मी त्याच पातळीवर चढवली. पातळी जास्त झाल्याचा लाल दिवा सुरुवातीपासून जळत असणार. तो मला संपल्यावर दिसला. एवढ्या पातळीला आवाजाचे शेंडे छाटले जातात, आणि छाटलेलं परत जोडता येत नाही. पुन्हा करू म्हणून कॅसेट मागे फिरवली, तर यंत्राने फीत गिळली. गाण्याची सगळी फीत सुरकुतून, तुकडे होऊन बाहेर आली. मी ती कॅसेटसकट कागदात गुंडाळली आणि टाकून दिली.

नानांना म्हटलं, "फीत कुजलेली होती नाना. पण आवाज तेवढा वाचवला."

नानांनी माझे दोन्ही हात धरले. तेव्हापासून भेटेल त्याला सांगतात, "यानी मन्ही घरवालीना आवाज वाचाडा."

महिन्याभराने विचारायला आले, "हाऊ आवाज टोचस का रे?" तोंडाला येईल ते बोललो. "मोबाइलमध्ये ताकद कमी असते नाना. मध्ये हेडफोनचा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावला की मऊ होतो."

झालं. त्या दिवसापासून मऊ आवाजाचा शोध सुरू आहे.

अ‍ॅम्प्लिफायरचा पहिला डबा अंगठ्याएवढा होता. नानांनी चिमटी ओढली. "धागा आखूड. नापास." दुसऱ्यात खालचा आवाज भरपूर होता. ओला करून विकायला आणलेला कापूस पकडावा तसे नाना खवळले, "रुई वली करीसन वजन वाढाडेल शे! मन्हासमोर हाई चालावं नही!" तिसरा थेट "कवडी" ठरला. मी दर वेळी आधीच्यापेक्षा बोथट डबा निवडत होतो, वरचे सूर दाबणारा. दोष झाकला जावा म्हणून. पण त्या बोटांना काय फसवणार? "साय चांगली शे," नाना म्हणायचे, "पण कुसळ सायखाले शे."

भिंतीपलीकडे नाना खोकले तरी मला वाटायचं, आता विचारतील. कॅसेट कुठे आहे, असं.

गेल्या महिन्यात चौथा आला, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या दोन व्हॉल्व्हचा. तो तापायला वेळ घेतो. नाना त्याच्यासमोर मांडी घालून बसले. "हाऊ जावई शे. अर्धा तास बसाडाशिवाय बोलस नही." आणि मग, माझ्याकडे न बघता, "हाऊ शेवटला. यामाबी कुसळ निंघनं तं समजी जासू."

काय समजाल, हे विचारायची माझी छाती झाली नाही. व्हॉल्व्ह तांबूस झाले. नानांनी टोपी काढली, हेडफोन चढवला. हात वर आले. मी त्या चिमटीकडे बघत होतो. गाणं संपलं असावं, कारण चिमटी थांबली. आता ते वाक्य.

त्या वाक्यात अक्का म्हणतात, "त्यासले सांगजा, मन्हा आवाज फाटेल नही शे."

नानांनी हेडफोन उतरवला. "डबा चांगला शे, भाऊ. डबामा दोष नही." बराच वेळ ते वायर गुंडाळत राहिले. "अकरा वरीस मी डबासले नाव ठेवी राह्यनू. ती रागे व्हती. शेवटलं कसं बोलस, ऐकं ना तू? अंगवर येस. चार लोकंसमोर बोलनू तिले. ते तिनी मनमा ठी दिधं."

मी रिकामं खोकं त्यांच्याकडे सरकवलं.

"आते नही ऐकाव." त्यांनी डबा खोक्यात ठेवला. "तू मनले लाई लेऊ नको. तू तं वाचाडा तिना आवाज." मग टोपी घातली आणि म्हणाले, "माय ले सांग, कुकर लाव म्हना."

मी घरी येऊन सांगितलं. बायकोने कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या. भिंतीपलीकडून हाक आली नाही.

मूळ कॅसेट ऐकलेला मी एकटाच उरलो आहे. यंत्रातून आवाज जात होता तेव्हा दुकानातल्या टेपच्या स्पीकरवर तो स्वच्छ वाजत होता, छाटला जात होता तो फक्त मोबाइलसाठी चढताना. शेवटचं वाक्य बोलताना अक्का हसत होत्या. वाक्य अर्ध्यावर आलं आणि त्यांना हसू आवरेना, माइकच्या अगदी जवळ, मोठ्याने. तेच सगळ्यात जास्त छाटलं गेलं. शब्द राहिले, हसू गेलं.

नानांना मी दोन वाक्यं देणं लागतो. आवाज मी फाडला. अक्का हसत होत्या. अजून दिलेली नाहीत.