चालते ते नाणं, बसते तो बिल्ला

शालिककाकांनी गेल्या चार वर्षांत माझ्या दुकानात बसून वीस-बावीस तरी नाणी बुक करायला घेतली असतील. पैसे एकाचेही भरले नाहीत.

घाटंजीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सरकारनं कशाच्या पंचाहत्तरीचं, कुणाच्या शताब्दीचं नवं नाणं काढलं, की काका सायकल भिंतीला टेकवून आत येतात. "काढ बरं ते. मोठं करून दाखव." मी दाखवतो. मखमली डबीतलं चकचकीत नाणं बघून काका स्क्रीनला नाक लावतात. "बाप्पा! काय देखणं हाय राजा!" मग नाव टाक, पत्ता टाक, पिनकोड टाक. सगळं टाकून झालं आणि मी "काका, आता पैसे" म्हटलं, की गाडी अडली.

"थांब. हे बाजारात चालन का?"

"अहो, तीन-चार हजारांचं नाणं आहे. यानं कोणी वांगी घेईल का?"

"मंग राहू दे. चालते ते नाणं, बसते तो बिल्ला."

सायकलवर टांग टाकून काका पसार, आणि मागची रांग माझ्यावर डाफरते. दर वेळी ठरवतो, पुढच्या खेपेला हाकलून द्यायचं. पण पुढच्या खेपेला ते वीस मिनिटं इतक्या लोभानं त्या नाण्याकडे बघत बसतात, की माझ्याच्यानं होत नाही.

काका एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. लग्न केलं नाही. कंडक्टरच्या बॅगेत जी स्मारक नाणी आली, ती त्यांनी बदली पैसे टाकून ठेवून घेतली, आणि त्यांचेच चार अल्बम झाले. गुळगुळीत झालेली, काळी पडलेली नाणी. काका एकेक हुंगून दाखवतात. "हे पाय, याले अजून हळदीचा वास हाय. मसालेवालीचं असन." मला तर सगळ्यांना कंडक्टरच्या बॅगेचाच वास येतो, पण सांगतो कोण!

निवृत्तीनंतर बॅग गेली, तसा बाजार धरला. आठवडी बाजारात वीसची नोट पुढे करायची आणि चिल्लर मागायची. आमच्याकडे दहाचं नाणं कोणी घेत नाही. कोणी उठवलं कोण जाणे, पण बंद झालं म्हणतात. काका त्यावर अख्खा बाजार डोक्यावर घेतात. "काहून बंद होईन? सरकारचं हाय ते! आण इकडे!" आता बाजारातली सगळी नको झालेली दहाची नाणी भाजीवाल्या बायका काकांसाठी बाजूला ठेवतात. काका सगळी घेतात, पालथी घालून बघतात आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन कॅशियरशी भांडतात.

तर परवा दुपारी काका आले ते चालतच. सायकल नव्हती.

"नवं नको. जुनं शोध. दोन रुपयांचं. आई, बाप अन् मधात लेकरू."

एका नाणेविक्याच्या पानावर सापडलं. कोरं करकरीत, प्लॅस्टिकच्या कार्डात बसवलेलं. अडीचशे रुपये फक्त.

"उलटं करून दाखव."

दाखवलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नाही," म्हणाले, आणि खुर्चीत मागे टेकले.

"काय नाही? एक ओरखडा नाही त्याच्यावर. घ्या आता तरी."

"घेऊन टाकावं म्हनतो. बाजार होत नाही आता माह्याच्यानं. गुडघे गेले, डोये गेले. अल्बमात येवढी एकच जागा रिकामी हाय. हे बसवलं, की शोधनं संपलं."

असं म्हणाले, पण हात खिशाकडे जाईना. मी चहा सांगितला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

"मुकुटबनले पोरगी पाहाले गेलतो," काका म्हणाले. "नवी नवी नोकरी होती. पोहे झाले, इचारपूस झाली. निंघतानी पोरीच्या हातावर पैसे ठेवा लागते न. एक्कावन्न ठेवाचे होते. पन्नासची नोट काढली, अन् वरचा रुपया पायतो तं खिशात नाही! कंडक्टर मानूस, अन् चिल्लर नाही!"

वरच्या खिशात एकच नाणं होतं. दोन रुपयांचं, काकांना मिळालेलं पहिलं स्मारक नाणं. कौतुकानं त्याच्यामागे त्यांनी सुईनं बारीक 'शा' कोरला होता. घाईत तेच तिच्या हातावर ठेवलं. पोरीच्या मामानं वाकून मोठ्यानं वाचलं, "छोटा परिवार..." आणि थांबला. मग उसळून म्हणाला,

"अबे, अजून साक्षगंध नाही झालं, अन् हा कुटुंब नियोजन करून राह्यला!"

मला चहाचा ठसका लागला. काकाही हसले.

"मामा लई भडकला. म्हने, तुह्यं नाणं वापस घे. पन तिनं मूठ नाही उघडली राजा! नोट देल्ली वापस, नाणं नाही देल्लं. खाली मान घालून हासत होती."

सोयरीक मोडली. वर्षाच्या आत तिला दुसरीकडे दिली. कुठे दिली ते काकांनी कोणाला विचारलं नाही. फक्त मागून मागून मुकुटबनच्याच मार्गावरची ड्यूटी घेतली, आणि बॅगेत पडलेलं दोनचं प्रत्येक नाणं पालथं घातलं. पुढे बाजारातही तेच. तसली नाणी हाती आली होती, एकाहीमागे 'शा' नव्हता. ती सगळी काकांनी लगेच खर्चून टाकली.

"म्हणजे तीस वर्षं शोधूनही सापडलं नाही तर," मी म्हणालो. मला खरंच वाईट वाटलं.

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा मी दुसरीतला ढ पोरगा.

"अबे, सापडू नये म्हनूनच तं पायत होतो! तिनं खर्चलं असतं, तं कुठं न कुठं निंघालं नसतं का? नाही निंघालं. म्हंजे तिच्याजवय हाय."

कपाटामागे, विहिरीत, कुठल्या दानपेटीत, दोन रुपयांचं नाणं कुठेही जाऊ शकतं. दुसऱ्या कोणाला मी हे तोंडावर सांगितलं असतं. मी कोणाचं ऐकून घेत नाही, हे गावाला ठाऊक आहे.

"नको भरू पैसे," काका म्हणाले. "राहू दे ती जागा रिकामी." मग कपातला थंड चहा संपवला आणि हळूच विचारलं, "तुले काय वाटते? ठेवलं असन न तिनं?"

"ठेवलं असन न काका," मी म्हणालो. "काहून नाही ठेवनार?"