पत्ता बदलण्याची पूर्वतयारी

माझी बायको दातांची डॉक्टर आहे आणि मी प्रोग्रामर. म्हणजे ती कामं करते आणि मी कामाची तयारी करतो. (हे वाक्य तिचं. मी फक्त उतरवून घेतलंय.)

त्या सोमवारी तिचा दवाखाना नव्या जागेत सुरू होणार होता. जुन्या जागेत सलून आलं होतं. वेबसाइटवर मात्र पत्ता जुनाच.

"एक ओळ बदलायचीय," चपला घालता घालता ती म्हणाली. "दहाच्या आत कर हं. पहिल्याच दिवशी पेशंट चुकले तर परत फिरकायचे नाहीत."

"दोन मिनिटांचं काम!" म्हणत मी एडिटर उघडला. (एडिटर म्हणजे आम्ही प्रोग्राम लिहितो ती वही. फक्त या वहीचा कागद, शाई, समास सगळं आपल्या मर्जीने बदलता येतं, आणि घात होतो तो तिथेच.)

पांढरा पडदा डोळ्यांत खुपला. म्हटलं, आधी रंग बदलू. काळ्या रंगाच्या एक्केचाळीस छटा निघाल्या. कुणावर अन्याय नको म्हणून मी सगळ्या पाहिल्या. मग त्या काळ्यावर अक्षर किरटं दिसायला लागलं, म्हणून फॉन्ट. शून्य आणि इंग्रजी ओ यांत फरक दिसायला नको? (पत्त्यात शून्य नव्हतं. पण माणसाला काही तत्त्वं असतात की नाही!)

साडेदहाला सलूनवाल्याचा फोन. बायकोने त्याला माझा नंबर देऊन ठेवला होता.

"साहेब, एक आजोबा येऊन खुर्चीत बसलेत. तोंड उघडून."

"अहो, मग सांगा ना त्यांना!"

"सांगितलं. म्हणतात, आधी भूल द्या."

"पाचच मिनिटं!" असं म्हणून मी शॉर्टकट बदलायला घेतले. सेव्ह करायला दरवेळी दोन बटणं दाबायची म्हणजे आयुष्याची केवढी नासाडी! ते मी एका बटणावर आणलं. त्या बटणाचं आधीचं काम दुसऱ्यावर ढकललं, दुसऱ्याचं तिसऱ्यावर. शिवाय सेव्ह केलं की फाइल आपोआप वेबसाइटवर जावी, अशीही सोय केली. साडेअकरापर्यंत माझ्या सेटिंगच्या तीनशे ओळी लिहून झाल्या. पत्त्याची एक ओळ तेवढी राहिली होती.

पुन्हा फोन. "साहेब, आता चौघं झाले. एका बाईंनी तर मला दाढ कुठली ते बोट घालून दाखवलं."

"झालंच हो!"

आणि खरंच होत आलं होतं. मी ऐटीत नवा पत्ता टाइप केला आणि सेव्हचं बटण दाबलं. अख्खी फाइल पुसली गेली. घाबरून 'मागे घ्या'चं बटण दाबलं, तर ते सेव्हचं निघालं. क्षणात वेबसाइटवर जुना पत्ता नाही, नवा पत्ता नाही, नुसता कोरा पडदा.

एक वाजता बायकोचा फोन. मी देवाचं नाव घेऊन उचलला.

"आले सगळे पेशंट," ती म्हणाली. "सलूनवाल्याने मला पत्ता विचारला, दारावर खडूने लिहिला आणि बाण काढला. मिनिट लागलं त्याला. आजोबा तर दाढी करून आले."

आवाज अगदी शांत होता, त्यामुळे मी जास्तच हादरलो. मनापासून शरम वाटली. अशा वेळी नवऱ्याने काहीतरी समजुतीचं बोलायला हवं, एवढं मला कळतं.

"खडू कुठल्या रंगाचा होता गं?" मी विचारलं.

सकाळपासून अकरा जणांना 'तोंड उघडा' म्हणणाऱ्या माझ्या बायकोने मला नेमकं उलटं सांगितलं.