आप्पांची नवी भरती

आमच्या घरमालकांनी मांजरीसाठी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पिवळा पट्टा मारला होता. ऑइल पेंटचा, चार बोटं रुंद, पट्टी लावून आखलेला. मी विचारलं, "आप्पा, तिला कळतं का हे?"

"माणसांना तरी कुठं कळतं, ताई? पट्टा मारणं आपलं काम हाय."

सोपानआप्पा कारेगावात खालच्या मजल्यावर एकटे राहतात. वरच्या दोन खोल्यांत आम्ही नवराबायको भाड्यानं. आप्पांनी सगळी नोकरी इथल्याच एका कंपनीत सेफ्टी बघण्यात काढली. 'माझ्या लाइनवर कुणाचं बोट गेलं न्हाई,' हे ते ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. रिटायर व्हायच्या आधी थोडे दिवस त्यांची बायको अचानक वारली. कशानं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मांजर आणली त्यांच्या लेकीनं, संगीतानं. दौंडहून एसटीनं, खोक्याला भोकं पाडून. "घरात तुमच्याशिवाय काहीतरी हलतं पाहिजे, आप्पा," म्हणाली आणि खोकं ठेवून गेली. समोर हायवे, कंटेनरची रांग कधी तुटत नाही. त्यामुळं मांजर घरातच ठेवायचं ठरलं. नाव काय ठेवलं, विचारलं तर म्हणाले, "नवी भरती हाय. परमनंट झाली की नाव."

दुसऱ्या दिवशी मी वाटी परत द्यायला गेले, तर आप्पा लेंगा सावरत फरशीवर पालथे. हातात बॅटरी, गाल जमिनीला टेकवून फ्रिजखाली बघत होते. "तिच्या उंचीवर गेल्याबिगर धोका दिसत न्हाई." त्या आठवड्यात फ्रिजच्या मागं पुठ्ठा लागला, वॉशिंग मशीनच्या झाकणावर वीट आली, फिनेलची बाटली माळ्यावर गेली. सुईदोऱ्याचा डबा कुलपात. गॅस पेटला की स्वयंपाकघराचं दार बंद. दूधवाल्यालासुद्धा उंबऱ्याबाहेर थांबवून शिकवणी: "दार उघडायच्या आधी खाली बघायचं. काय करायचं?" तो बिचारा रोज म्हणायचा, "खाली बघायचं."

मांजर मात्र पिवळ्या पट्ट्यावरच ऐसपैस झोपायची. आम्ही वर आप्पांची नक्कल करून हसायचो.

मग थंडीतली ती सकाळ. नवरा पहिल्या शिफ्टला गेलेला. बाथरूममध्ये बादलीत पाणी तापवायचा रॉड लावून मी बाहेर भाजी चिरत बसले होते. खाली सिलिंडरवाला आला, दार उघडं राहिलं आणि मांजर निसटून जिन्यानं वर आली. मला पत्ताच नाही. मागोमाग आप्पा अनवाणी, धापा टाकत.

"वर आली का?"

मी नाही म्हणेपर्यंत त्यांचं लक्ष बाथरूमकडं गेलं. मांजर स्टुलावर बसून बादलीतल्या वाफेकडं पंजा नेत होती.

"हात लावू नका! कशालाच हात लावू नका!"

आप्पांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. जिन्यातला मेन स्विच त्यांनी खाली ओढला, मग पिन उपसली, मग मांजर उचलली. तिनं मनगट ओरबाडलं, तरी सोडली नाही. तिथंच ओल्या फरशीवर बसले.

थोड्या वेळानं रॉडची वायर त्यांनी बोटांत धरली. एका जागी मी चिकटपट्टी गुंडाळली होती.

"हे कवापासून?"

"पंधरा दिवस झाले. ह्यांना सांगितलंय मी. बघतो म्हणालेत."

आप्पा मांजरीकडं बघतच बोलले, "संगीताच्या आईनंबी मला तीनदा सांगितलं हुतं. आवो, पाण्याला हात लावला की झिणझिण्या येत्यात. मी म्हणलं, रविवारी बघतो. बेस्तरवारी गेली. तवा मी कंपनीत नव्या पोरांना सेफ्टी शिकवत हुतो."

मी वायर त्यांच्या हातातून घेऊन बाजूला ठेवली.

"संगीताला म्हाईत न्हाई. तिला वाटतंय, रॉड एकाएकी बिघडला. खरं सांगितलं तर ती हितं पाऊल टाकायची न्हाई. मग मला कोण हाय?"

त्याच दुपारी त्यांनी वायरमन आणून सगळ्या घराचं अर्थिंग तपासून घेतलं. आमचा रॉड त्यांनी स्वतः तोडून टाकला.

रविवारी संगीता आली. आप्पांनी आतून दार लावून घेतलं. आरडाओरडा होईल, ती तरातरा निघून जाईल, असं वाटत होतं. खालून काहीच आवाज आला नाही.

तासाभरानं ती जिन्यात येऊन बसली. डोळे सुजलेले. मी पाणी दिलं.

"सांगितलं त्यांनी?" मी विचारलं.

"व्हय." ती पाणी प्यायली नाही, पेला नुसता धरून ठेवला. "ताई, आई मलाबी बोलली हुती. फोनवर. हात झिणझिणतोय म्हणली. मी म्हणलं, दिवाळीला येताना नवा रॉड आणते. दिवाळीला महिना हुता."

"हे आप्पांना माहीत होतं?"

"कुणालाच न्हाई. आज सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"माझा हात हातात घेतला, आन् उलटासुलटा करून बघत बसले."